सोसणे आणि सांगणे

आपल्या घरांतून एखाद्या बाईची स्तुती करायची झाली की अजूनही म्हणतात, "फार सोशीक हो ती!" कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून डिमोना, लोद, अश्दोदपर्यंत जी पिढी आली ती पुष्कळ काही सोसूनच आली. म्हणून या शब्दाला आपल्यात मान आहे आणि तो असावाही. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर किमोथेरपी चालू असताना हा सोशीकपणा गुण ठरतो की दोष, असा प्रश्न आम्हाला पडला आहे. चाळीस वर्षे परिचारिका म्हणून आम्ही रोग्याच्या खुर्चीशेजारी उभ्या होतो, आणि निवृत्त झाल्यावर सहा महिने त्याच खुर्चीत बसलो. तेव्हा या विषयावर दोन्ही बाजूंनी चार शब्द बोलण्यास हरकत नसावी.

ज्यांच्या घरी हा आजार आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. शस्त्रक्रियेत आतड्याचा बिघडलेला भाग काढतात. जवळच्या लिम्फच्या गाठींत रोग पोहोचलेला आढळला, तर तो पुन्हा उद्भवू नये म्हणून पुढे औषधे देतात. फ्लुओरोयुरासिल हे त्यांतले जुने औषध, १९५७ सालापासूनचे. त्याच्या जोडीला ऑक्सालिप्लाटिन. पहिले औषध छातीजवळ कातडीखाली बसवलेल्या पोर्टमधून ४६ तास हळूहळू शरीरात जात राहते. त्याची बाटली तान्ह्या मुलाच्या दुधाच्या बाटलीएवढी असते. ती कमरेच्या पिशवीत घालून माणूस घरी येतो, स्वयंपाक करतो, झोपतो. दर पंधरा दिवसांनी एक, अशा बारा फेऱ्या. केस विरळ होतात, पण सहसा सगळे जात नाहीत. म्हणून पाहुणे म्हणतात, "छान दिसतेस, आजारी वाटतच नाहीस!" आणि एवढे कौतुक झाल्यावर, रात्रभर उमासे येत होते हे कोण सांगणार?

दुसऱ्या औषधाचे वैशिष्ट्य असे की त्याला थंडी खपत नाही. ऐन ऑगस्टच्या उकाड्यात, शेजारीपाजारी बर्फाचे पाणी पीत असताना, आम्ही लोकरी हातमोजे घालून फ्रिजमधून दूध काढत असू. नातवंडांना त्याचे फार हसू येई, आम्हालाही येई. पण पुढे पुढे थंडीशिवायही बोटांना मुंग्या येऊ लागतात, मग बोटे बधिर होतात. हे नसांचे दुखणे आहे. वेळीच मात्रा कमी केली नाही तर ते वर्षानुवर्षे, कधी कायमचे राहते, आणि औषध थांबवल्यावरही काही महिने वाढत जाऊ शकते.

आता प्रश्नाचे मूळ येथे आहे. पांढऱ्या पेशी रक्त तपासून मोजता येतात, गाठ स्कॅनमध्ये दिसते, परंतु बोटांत मुंग्या किती येतात हे दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. डॉक्टर विचारतात, "सदऱ्याची गुंडी लावता येते का? खाली पडलेले नाणे उचलता येते का?" त्यावर रोगी जे उत्तर देईल त्यावर पुढची मात्रा ठरते. म्हणजे येथे रोग्याचा शब्द हीच तपासणी. जी सोशीक बाई नर्सला हसून "हाकोल बेसेदेर, बारूख हाशेम" म्हणते, तिने आपल्या तपासणीचा कागद खोटा भरून दिला असे म्हणावे लागेल. शब्द कठोर आहे, पण आम्हाला दुसरा सापडत नाही.

आपल्या धर्मातही या प्रश्नाचा विचार झालेला आहे. आपले वाडवडील ज्या दिवशी दारे लावून घरात बसत, त्या योम किप्पूरच्या उपासाबद्दल तालमूदच्या योमा प्रकरणात चर्चा आहे. आजारी माणूस म्हणतो, मला अन्न हवे, आणि वैद्य म्हणतो, गरज नाही; अशा वेळी आजाऱ्याचे ऐकावे. उलट वैद्य म्हणतो गरज आहे आणि आजारी म्हणतो मला नको. अशा वेळी वैद्याचे ऐकावे, कारण आजाऱ्याला कदाचित गुंगी आली असेल. दोन्ही निकाल जोडून पाहावेत. आजाऱ्याचे "हवे" वैद्याच्या शब्दाहून वजनदार, आणि त्याचेच "नको, मी ठीक आहे" हे मात्र ग्राह्य नाही! उपासाच्या दिवशी सोसण्याचे पुण्य त्या पंडितांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे?

परंतु लोक लपवतात ते केवळ सवयीने नव्हे. एक अडचण भाषेची आहे. आपल्या मराठीत मुंग्या येतात, चमक निघते, कळ येते, ठणका लागतो, मळमळते, कसेसेच होते. पन्नाशीनंतर इस्राएलला आलेल्या आपल्या मावशीजवळ या सगळ्यांसाठी हिब्रूचा एकच शब्द असतो, "कोएव". दुभाषा म्हणून मुलगा बरोबर येतो, आणि हा तर आतड्याचा आजार. शौचाला दिवसातून किती वेळा जावे लागते, रक्त पडते का, हे ती मुलासमोर कसे सांगणार? तो विचारतो, ती मान हलवते, तो सांगतो, "सगळे ठीक." अशा वेळी मुलीने किंवा सुनेने बरोबर जावे, नाहीतर घरीच मराठीत सगळे लिहून न्यावे.

दुसरे कारण भीतीचे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. खरे सांगितले तर डॉक्टर औषध कमी करतील, आणि औषध कमी झाले तर रोग उलटेल. आमच्यापुढे हा प्रश्न आठव्या फेरीच्या वेळी आला. कणीक मळताना ती सैल झाली की घट्ट हे बोटांना कळेना. आम्ही ते जसेच्या तसे सांगितले. ऑक्सालिप्लाटिन तेथेच थांबवले आणि उरलेल्या चार फेऱ्या एकट्या फ्लुओरोयुरासिलच्या झाल्या. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी स्पष्टच विचारले, "आणखी चार सोसायच्या होत्यास. जीव मोठा की बोटे?"

प्रश्न रास्त होता. त्याचे काही उत्तर वैद्यकशास्त्राजवळ आहे. २०१८ साली सहा चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बारा हजारांहून अधिक रुग्ण होते. ज्यांचा रोग फार पुढे गेलेला नव्हता अशा पुष्कळांत तीन महिन्यांचा उपचार सहा महिन्यांच्या जवळपास गुणकारी ठरला आणि नसांचे दुखणे निम्म्याहूनही कमी झाले. सगळ्यांना हे लागू नाही, ज्याचे त्याने डॉक्टरांशी बोलावे. त्याआधी २०१७ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग इस्पितळातील ७६६ रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यांत आतड्याचे रुग्ण नव्हते, स्तन, फुप्फुस वगैरेंचे होते, आणि रोग पसरलेला होता. पण त्यांतले जे आपला त्रास नियमित कळवत राहिले, ते इतरांपेक्षा सुमारे पाच महिने अधिक जगले. कोणतेही नवे औषध न देता, केवळ सांगितल्याने आणि कोणीतरी ऐकून त्यावर काही केल्याने!

तरी आकड्यांनी त्या वडिलांच्या प्रश्नाचा निकाल लागत नाही. आमचा रोग उद्या उलटला तर ते म्हणतील, "सांगितले होते." म्हणोत बापडे. धोका किती घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क रोग्याचा आहे. पण तो डॉक्टरांना सगळे खरे कळल्यावर त्यांच्याशी बोलून वापरायचा असतो, खरे लपवून नव्हे. शिवाय लपवणे कधी कधी एका रात्रीत जिवावर बेतते. फेरीनंतर ३८ अंश ताप चढला तर अकामोल घेऊन पांघरूण ओढायचे नसते, मध्यरात्र असली तरी मियूनमध्ये जायचे असते. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना साधे जंतूही रक्तात पसरतात. "मुलांची झोपमोड नको" म्हणून सकाळची वाट पाहणाऱ्या आया आम्ही नोकरीत पाहिल्या. सगळ्या परत घरी गेल्या नाहीत.

याचा अर्थ सोशीकपणा अडगळीत टाकावा असा नाही. सांगून झाल्यावरही पुष्कळ उरते. तोंडाची पत्र्यासारखी चव उरते, दुपारचा गळाठा उरतो, पुढच्या तपासणीच्या आदल्या रात्रीचे जागरण उरते. त्याला इलाज नाही, ते सोसावे लागते, आणि तेथे आपल्या आयाआज्यांकडून मिळालेले बळ उपयोगी पडते. साऱ्या सिनेगॉगला आपली प्रकृती सांगत सुटावे असेही आमचे म्हणणे नाही. ज्याला जेवढे सांगायचे तेवढे सांगावे. डॉक्टर, नर्स आणि घरातले एक माणूस, एवढ्यांपुढे मात्र पडदा नको.

आणि भेटीला जाणाऱ्यांना एक विनंती. मलिद्याचा नवस बोला, फळे न्या, पण "किती धीराची आहेस!" एवढे बोलून उठू नका. चहा गरमच द्या, मग जवळ बसून विचारा, "गुंडी लावता येते का ग? पोट कसे आहे? ताप पाहिलास का?" उत्तर यायला वेळ लागेल. तोवर बसून राहा.