आईची किडनी, दादाची मान

तुळिंजच्या आमच्या घरात फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. त्यावर दादाच्या क्रिएटिनिनचे सहा वर्षांचे आकडे, आईच्या अक्षरात. किडनी तिची, म्हणून हिशेबही तिच्याकडे.

गेल्या वर्षी दादाच्या मानेत गाठ आली. बायॉप्सीत निघाला लिम्फोमा, प्रत्यारोपणानंतर होणाऱ्या प्रकारातला. तो समजून घ्यायला मला दोन रात्री लागल्या. एपस्टीन-बार विषाणू १९६४ साली सापडला. बहुतेकांच्या अंगात तो आयुष्यभर निपचित पडून असतो, कारण टी-पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या नेमक्या याच पेशींना गुंगीत ठेवतात. मग विषाणू शिरलेल्या बी-पेशी मोकाट वाढू शकतात. (ऑफिसात आम्हीही सारखा वाजणारा अलार्म म्यूट करतो. पण चुकलं तर आमचा फक्त शनिवार जातो.)

पहिला उपाय ऐकायला सोपा आहे: गोळ्या कमी करा. १९८४ मध्ये थॉमस स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सायक्लोस्पोरिनचा डोस उतरवल्यावर अशा गाठी विरू शकतात. नाहीच विरल्या तर रिटुक्सिमॅब, केमो. पण जागा झालेला पहारेकरी किडनीवरही धावून जाऊ शकतो.

दादा इथेच अडला. "माझं काहीही होऊ दे रे, पण ती आईची आहे."

परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय बदललं, तेव्हा रुग्ण काही तासच जगला. तेव्हा प्रश्न एकच होता, जगेल का? आता माणसं वर्षानुवर्षं जगतात, म्हणून दादासारखे प्रश्न पडतात.

परळहून परतताना विरार लोकलमध्ये मी त्याला म्हटलं, दान सोडताना 'न मम' म्हणतात. देणाऱ्याचा हक्क तिथेच संपतो, नाहीतर ते कर्ज झालं. मास्कच्या आडून तो म्हणाला, "ते देणाऱ्यानं म्हणायचं. घेणाऱ्यानं काय म्हणायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आईला विचारलं होतं, स्वखुशीनं देताय ना? दादाला हे ओझं पेलेल का, असं कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

शेवटी त्यानं डोस कमी करायला होकार दिला, पण अट घातली की आईला कळता कामा नये. मी दोन महिने गप्प राहिलो. ते चुकलंच. ऑपरेशनच्या टेबलावर जाताना ती आम्हाला शहाणी वाटली होती, आणि आता तिला लहान मूल समजून आम्ही आकडे लपवत होतो. माया म्हणून लपवलं म्हणावं, तर त्यात आमची सोयही होतीच.

परवा तिनं पेन हातात घेऊन विचारलं, "किती आलं?" दादानं माझ्याकडे पाहिलं. मी खरा आकडा सांगितला, १.९. आधी १.३ असायचा. तिनं तो लिहिला, टोपण लावलं.

"आणि मानेची गाठ?" तिनं विचारलं. "उतरतेय का?"