आभासाची विद्या आणि सत्याची चाड

गेल्या वर्षीच्या चतुर्थीनंतरची गोष्ट. सांजेची आरती आटोपून आम्ही चौघेजण देवळाच्या अग्रशाळेच्या ओट्यावर बसलो होतो. बोलण्याच्या ओघात मी सांगितले की, माझा भाचा रंगभूमी व चित्रपट यांतील तांत्रिक कलांचे शिक्षण घ्यावयाचे म्हणतो. नेपथ्यरचना, प्रकाशयोजना, यंत्राने हलणाऱ्या आकृती, कृत्रिम आग, कृत्रिम पाऊस, संगणकावर निर्माण केलेले राक्षस व राजवाडे, हे सारे रीतसर शिकविले जाते हे ऐकून आमच्यातले वयोवृद्ध महाजन क्षणभर स्तब्ध राहिले. मग अगदी सरळ भावाने त्यांनी विचारले, "म्हळ्यार, हें फटोवपाचें शिकप न्हय?"

फसविण्याचे शिक्षण! त्या प्रश्नात उपहास नव्हता, म्हणूनच तो हसण्यावारी नेता येईना. जो मनुष्य जन्मभर देवापुढे खोटे न बोलण्याची शिकस्त करीत आला, त्याला ही शंका येणे स्वाभाविक आहे. लोकांच्या डोळ्यांना जे नाही ते आहे असे भासविणे हाच ज्या विद्येचा हेतू, ती विद्या सद्विद्या म्हणावी काय? आणि आपल्या मुलाने ती शिकावी काय? त्या सांजेला मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे कित्येक दिवस विचार केला, तो येथे मांडीत आहे.

प्रथम एक आठवण सांगितली पाहिजे. आमच्या लहानपणी देवळाच्या जत्रेला मंडपात नाटक होई. एका वर्षी प्रल्हादाचे आख्यान होते. बांबूच्या कामट्या, गोणपाट आणि रंगविलेला कागद यांचा खांब उभारलेला. हिरण्यकशिपूने खांबावर लाथ मारली, पडद्याआडून कोणी पत्रा हलवून मेघगर्जना केली, मशालीवर राळेची मूठ पडून भडका उठला, आणि कागद टराटरा फाडून नरसिंह बाहेर आला. सारा मंडप उठून उभा राहिला. बायांनी हात जोडले, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. नरसिंहाचा मुखवटा कोणी चढविला आहे, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक होते. दुपारीच त्याने वाड्यावर नारळ पाडले होते.

मग फसले कोण? कोणीच नाही. खांब कागदाचा आहे हे जाणूनच ते लोक आले होते, आणि हात जोडले ते कागदाला किंवा मुखवट्याला नव्हेत. जे तत्त्व डोळ्यांना दिसत नाही, त्याला क्षणभर रूप मिळाले म्हणून ते हात जोडले गेले. येथे दाखविणारा व पाहणारा यांच्यात एक न लिहिलेला करार असतो. "मी तुला आभास दाखवीन", "मी तो आभास म्हणूनच पाहीन." खोटेपणाला या कराराची भीती वाटते, कला त्याच्याच आधारावर उभी राहते.

आपल्या वेदान्त्यांनी भ्रमाचे सूक्ष्म विवेचन केले आहे. दोरीला साप समजून जो दचकतो त्याला दोरी दिसतच नाही. तो खरा भ्रांत. परंतु आचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात मायावी पुरुषाचाही दृष्टान्त योजिला आहे. ढालतलवार घेऊन दोरावरून आकाशात चढताना दिसणारा एक, आणि भूमीवर उभा असलेला खरा जादूगार दुसरा. हा मायावी स्वतःच्या मायेने लिप्त होत नाही. मला वाटते, आभासाची विद्या शिकणाऱ्याने हा दृष्टान्त पहिल्या दिवशीच ध्यानात ठेवावा. प्रेक्षकाने वर पाहावे. कारागिराचे पाय मात्र जमिनीवरच असले पाहिजेत.

याहून पुढे जाऊन असेही म्हणता येईल की, कित्येकदा आभास सत्यच दाखवितो. दादासाहेब फाळके मुंबईच्या कलाशाळेत शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, जादूचे प्रयोगही शिकले. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी भांडवलदाराची खातरी पटविण्यासाठी जे चित्र तयार केले, त्यात ना देव होता ना दानव. कुंडीतल्या वाटाण्याचे दिवसेंदिवस एकेक छायाचित्र घेऊन त्यांनी बीजाला अंकुर फुटून वेल वाढताना काही क्षणांत दाखविली. ही युक्तीच होती. वेल इतक्या वेगाने कधी वाढत नाही. पण वेल वाढते हे सत्य आपला मंद डोळा एरवी पाहू शकत नाही, ते त्या युक्तीने पाहिले. पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१७ साली ‘लंकादहन’ आले. ‘लंकादहना’त एकाच नटाने, अण्णा साळुंके यांनी, राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्यामुळे कोणाच्या रामभक्तीत उणेपणा आल्याचे ऐकिवात नाही. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटात तुकोबांना वैकुंठाला नेणारे विमान आकाशात झेपावते. त्या चित्रपटाचे दिग्दर्शन दामल्यांच्या जोडीने शेख फत्तेलाल यांनी केले होते, आणि दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. तंत्राची निष्ठा आणि भावाची निष्ठा एका ठिकाणी नांदू शकतात, याला आणखी कोणता दाखला हवा?

ही विद्या परकी आहे, असेही कोणी समजू नये. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे चार प्रकार सांगताना पहिला मान ‘पुस्त’ या प्रकाराला दिला आहे. पुस्त म्हणजे रंगभूमीवरील पर्वत, विमाने, रथ, हत्ती अशा वस्तूंची घडण. सांधून जोडलेले, यंत्राने चालणारे आणि गुंडाळून केलेले, असे त्याचे भेदही दिले आहेत. रंगभूमीवरील शस्त्रे लोखंडाची जड नसावीत. हलक्या पदार्थांची करावीत, नाहीतर नट थकून जातो, असेही मुनी बजावतात. या शेवटच्या आज्ञेत मला या विद्येचा धर्म दिसतो. आभास कितीही भव्य असो, त्याचा भार वाहणारे शरीर खरे आहे, हे शास्त्रकार विसरलेले नाहीत.

येथे त्या जत्रेच्या आठवणीचा राहिलेला अर्धा भाग सांगावयास हवा. राळ उडविणारा आमच्याच वाड्यावरचा एक हौशी गृहस्थ. त्या रात्री राळेचा भडका उलटून त्याच्या बाहीला लागला. तो ओरडला. मंडपाला वाटले, हिरण्यकशिपूच्या दरबारातील कोणी राक्षस ओरडला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. त्याच्या बायकोनेही वाजविल्या. कोणीतरी पडदा ओढेपर्यंत त्याचा हात कोपरापर्यंत भाजला होता. बोटे पुढे कधी पुरती मिटली नाहीत.

या प्रसंगाने माझा पिच्छा सोडलेला नाही. जेथे सारेच आभास असते, तेथे खरी किंकाळीसुद्धा आभास ठरते. आभासाच्या घरात सत्याला स्वतःचा असा आवाज उरत नाही. म्हणूनच त्या घरात काम करणाऱ्यांना, इतर धंद्यांतल्या माणसांपेक्षा, परस्परांशी अधिक काटेकोरपणे खरे बोलावे लागते. ते न घडल्यास काय होते याची साक्ष इतिहासात आहे. १९०३ च्या ३० डिसेंबर रोजी शिकागोच्या इरॉक्वॉय नाट्यगृहात रंगमंचावरील विजेच्या दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला. अग्निरोधक पडदा मध्येच अडकला, बाहेर जाण्याच्या कित्येक वाटा बंद होत्या, आणि सुमारे ६०० माणसे प्राणास मुकली. फेब्रुवारी १९८९ मध्ये म्हैसूर येथे टिपू सुलतानावरील दूरदर्शन मालिकेच्या चित्रीकरणस्थळी आग लागून ५०हून अधिक माणसे दगावली. २०२१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ‘रस्ट’ या चित्रपटाच्या तयारीच्या वेळी, निरुपद्रवी म्हणून हाती दिलेल्या पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स मृत्यू पावली. शस्त्रांची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणीला पुढे २०२४ साली कारावास झाला. "हे पिस्तूल रिकामे आहे" हे एक वाक्य खरे नव्हते. पडद्यावर हजार असत्ये चालतात. पडद्यामागे एकही चालत नाही.

म्हणजे महाजनांची शंका निराधार नव्हती. तिने बोट मात्र भलत्या जागी ठेवले होते. या विद्येत धोका आहे, परंतु तो कागदाच्या खांबात नाही. करार मोडण्यात आहे. हा करार दोन बाजूंनी मोडतो. एक, सहकाऱ्याला जिवाचे भय न सांगता कामाला लावणे. दुसरी, प्रेक्षकाला न सांगता आभास सत्य म्हणून त्याच्या गळी उतरविणे. आज संगणकाच्या साहाय्याने कोणाच्याही मुखी न बोललेले शब्द घालता येतात, आणि ते चित्र घरोघरच्या हातांतील फोनवर बातमी म्हणून फिरते. चित्रपटगृहात जे कौशल्य कला ठरले असते, तेच येथे चोरी ठरते. हात तोच, यंत्र तेच. गेला तो फक्त करार.

आपणा देवळाच्या माणसांना हा भेद समजण्यास दूर जावयास नको. मंडपातला राळेचा भडका पाहून आपण धन्य होतो. तोच भडका कोणी मध्यरात्री गर्भागारात गुपचूप उडवून, देवाने कौल दिला म्हणून सकाळी पेटी फिरविली, तर ते महापातक होईल. राळ एकाच दुकानातली असेल. मग पाप राळेत कसे म्हणावे? मला तर उलट असे वाटते की, ज्याने राळ उडविण्याची विद्या शिकली आहे तोच अशा भोंदूचा हात प्रथम ओळखील. आभास कसा रचतात हे जाणणारी चार मुले गावात असणे, हे श्रद्धेचे संरक्षणच आहे. कारण खऱ्या श्रद्धेला उजेडाचे भय नसते.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. साधन वाढले की साध्य झाकोळते. ज्या मंडपात विजेचे दिवे झगमगतात आणि मूर्ती यंत्राने माना डोलावतात, तेथे पाहणाऱ्याचे लक्ष यंत्रावर खिळते आणि प्रल्हाद बिचारा एका कोपऱ्यात राहून जातो. याला नियमाने उत्तर देता येत नाही. त्याला विवेकच हवा. किती दाखवावे हे शाळेत शिकता येते. कोठे थांबावे हे मात्र, त्या कागदाच्या खांबापुढे ज्याचे स्वतःचे हात कधी जुळले आहेत, त्यालाच कळते.

हे सारे मी भाच्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मामा, त्या गृहस्थांच्या शेजारी पाण्याची बादली का नव्हती?" मला वाटले, मुलगा शिकावयास योग्य आहे.

यंदाच्या जत्रेला पुन्हा प्रल्हादाचे आख्यान ठरले. सभेत महाजनांनी खांबाविषयी, मुखवट्याविषयी काही विचारले नाही. यादी वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, माझ्या भाच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "राळ कोण उडयतलो, तें पयलीं सांगात."