भोक पाडलेल्या डॉलरचे सत्य

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतो, की मातीचा एक गोळा कळला की मातीच्या सगळ्या वस्तू कळल्या. घट वगैरे नुसती नावे, खरी ती माती. सोन्याचा दाखलाही तो देतो. जुनी नाणी जमवणाऱ्याने या शिकवणीला उत्तर द्यायलाच हवे. नाण्याचे सत्य धातूत असेल, तर शिक्का, साल आणि टांकसाळ यांसाठी जीव टाकणे हा निव्वळ नामरूपाचा मोह ठरतो. नाण्यापुरता तरी हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचे कारण एका ब्रिटिश वसाहतीच्या नाण्यातच सापडते.

1812 साली न्यू साउथ वेल्समध्ये चलनाची मोठी टंचाई होती. माल घेऊन जहाज आले की वसाहतीतली चांदी त्याच जहाजातून निघून जाई. उरलेले व्यवहार रमवर आणि वचनचिठ्ठ्यांवर चालत. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासहून 40,000 स्पॅनिश डॉलर धाडले. गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांनी प्रत्येक डॉलरचा मध्य कापून काढवला. उरलेल्या कड्यावर पाच शिलिंग, आतल्या चकतीवर पंधरा पेन्स आणि दोन्हींवर 1813 साल उमटवले. चांदीत गुंजभर भर पडली नाही, तरी एका डॉलरचे सहा शिलिंग तीन पेन्स झाले. शिवाय भोकामुळे बाहेरच्या बाजारात ते पूर्ण डॉलर म्हणून चालेना, म्हणून सिडनीतच राहिले. कड्याच्या काठाला स्पेनच्या राजाचे नाव तसेच वाचता येते: एकाच चांदीवर दोन सत्तांची मुद्रा.

वेदान्ती म्हणेल, की हेच तर आमचे म्हणणे. 1822 पासून सरकारने ही नाणी परत घ्यायला सुरुवात केली, 1829 मध्ये ती चलनातून बाद झाली, बहुतेक वितळवली गेली; नाव गेले, चांदी उरली. आक्षेप वजनदार आहे. पण चांदी उरली म्हणून तिचे मोलही तिच्यातच होते, असे होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांनी सोन्याचे चलन धरले आणि चांदीचा भाव कोसळला. चांदीचा कण बदलला नव्हता, माणसांचे ठरणे बदलले होते. धातू अविनाशी असेल, मोल त्याच्या अंगचे नव्हे.

मग मोल म्हणजे निव्वळ राजाज्ञा का? तेही नाही. डॉलर कापून छापण्याचे काम ज्याने केले तो विल्यम हेन्शल बनावट नाण्यांच्या गुन्ह्यासाठी हद्दपार होऊन आलेला कैदी होता. इंग्लंडमध्ये ज्या कसबाने त्याला शिक्षा दिली, तेच कसब सिडनीत मान्य झाले. हात तोच, चांदीवर छाप मारण्याची क्रियाही तीच. फरक एवढाच, की इथल्या शिक्क्यामागे तो परत स्वीकारायला बांधलेले कोणी तरी उभे होते. मोल या बांधिलकीत होते, आणि बांधिलकी हातात धरता येत नाही म्हणून ती भास ठरत नाही. विश्वास मोडला तर माणसे नागवली जातात. भासाने कोणी नागवले जात नाही.

संग्राहकाविरुद्धचा खरा आक्षेप वेगळाच आहे: ती बांधिलकी संपून दोन शतके होत आली, आज उरलेल्या सुमारे 300 कड्यांसाठी लागणारी बोली ही केवळ दुर्मिळतेची हाव आहे. हाव असतेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसती हाव असती, तर हुबेहूब नक्कलही चालली असती. जुन्या चांदीची, अचूक वजनाची, निर्दोष छापाची नक्कलही खोटी ठरते तेव्हा तिचा धातू बरोबर असतो आणि रूपही बरोबर असते. चुकते ती फक्त तिची हकीकत. विशुद्धिमग्गात बुद्धघोषाने नाण्यांच्या राशीपुढे बालक, खेडूत आणि सराफ असे तिघे उभे केले आहेत. बालकाला आकार दिसतो, खेडुताला उपयोग कळतो. सराफ मात्र हे नाणे कोणत्या गावी, कोणत्या कारागिराने पाडले हेही ओळखतो. त्या सराफाला घटाचे नाव पुरत नाही, आणि मातीही पुरत नाही.