झेनोबियाची चूक तिच्याच नावावर

पालमायराची राणी झेनोबिया हिच्याबद्दल रोमन चरित्रकाराने तिचे डोळे, दात, आवाज आणि पातिव्रत्य यांविषयी हौसेने लिहिले आहे. राज्य तिने कसे चालवले, हे मात्र तिच्या टांकसाळींतून पडलेल्या नाण्यांवरून अधिक नीट कळते.

पालमायरा हे सिरियाच्या वाळवंटातले, व्यापारावर श्रीमंत झालेले शहर. इ. स. २६० मध्ये इराणच्या शापूरने रोमचा सम्राट व्हॅलेरियन याला जिवंत पकडले आणि पूर्वेकडचे प्रांत उघडे पडले. झेनोबियाचा नवरा ओडेनाथस याने शापूरच्या फौजा मागे रेटल्या आणि रोमच्या वतीने पूर्व सांभाळली. २६७-६८च्या सुमारास त्याचा खून झाला. मुलगा वाबालाथस अजाण होता. सूत्रे आईच्या हाती आली.

तिने लगेच बंड पुकारले नाही. २७० मध्ये तिचा सेनापती झब्दास याने इजिप्त जिंकले, तरी अलेक्झांड्रिया आणि अँटिओकच्या नाण्यांवर एका बाजूला सम्राट ऑरेलियन होता आणि दुसऱ्या बाजूला वाबालाथस. सम्राटपद ऑरेलियनकडेच, मुलाला फक्त राजा आणि सेनानी अशा पदव्या. सत्ता आपली, शिक्का रोमचा. याला महत्त्वाकांक्षेचा झटका म्हणणे कठीण आहे. समोरच्याला युद्ध न करण्याची सबब देत राहणारे हे थंड डोक्याचे राजकारण होते.

असे राजकारण समोरच्याची अडचण असेपर्यंतच चालते. उत्तरेकडच्या टोळ्यांशी झुंजणाऱ्या ऑरेलियनला काही काळ डोळेझाक परवडली. पण इजिप्तचे धान्य रोमच्या पोटात जात होते. सिरियातला पराक्रमी मांडलिक कोणताही सम्राट खपवून घेईल. राजधानीच्या भाकरीवर दुसऱ्याचा हात असलेला खपवून घेणार नाही. झेनोबियाचा सर्वांत मोठा विजय हाच तिचा सर्वांत महागडा निर्णय ठरला.

२७२ मध्ये ऑरेलियन पूर्वेकडे निघाला, तेव्हा कुठे मायलेकांच्या नाण्यांवर सम्राटपदाच्या पदव्या उघडपणे आल्या. अँटिओकजवळ इम्माईला रोमन घोडदळाने पळ काढल्याचे सोंग केले आणि पाठलाग करणारे पालमायराचे चिलखती स्वार उन्हात दमवून मारले. पुढे एमेसा येथेही पालमायराची हार झाली. इराणकडे मदतीसाठी निघालेली राणी युफ्रेटिसपाशी पकडली गेली. पुढच्याच वर्षी पालमायराने पुन्हा उठाव केला आणि शहर लुटले गेले.

इतिहासकार झोसिमस सांगतो, की चौकशीत झेनोबियाने सल्लागारांवर बोट ठेवले. त्यांपैकी तत्त्वज्ञ लाँजिनसला मृत्युदंड झाला. हे खरे असेल, तर जीव वाचवण्यासाठी हरलेल्या राज्यकर्त्याने केलेला तो बचाव होता. पण नंतरच्या वाचकांना तो फार सोयीचा वाटतो: बाई भोळी, पुरुषांनी बहकवलेली. तिच्या निष्ठावान सेनापतींनी २७१ मध्ये पालमायरात तिचा पुतळा उभारला, तो कोणाच्या हातातल्या बाहुलीचा नव्हता.

राणीचा गौरव करताना आपण तिचे शौर्य लगेच मान्य करतो आणि तिच्या चुका मात्र दुसऱ्यांच्या खात्यावर टाकतो. इजिप्त घेण्याचा डाव तिचा होता, त्याचा हिशेबही तिचाच. ऑरेलियनला आपण याच मापाने मोजतो. झेनोबियासाठी वेगळे माप काढणे हा तिचा सन्मान नव्हे.