अभंगातली मोकळी जागा

आषाढी जवळ आली की अभंगांचे नवे अल्बम येतात आणि नाताळ जवळ आला की ख्रिस्तगीतांचे. गाणारे दुसऱ्याच प्रांतातले असतात, साथीला गिटार नाहीतर सॅक्सोफोन असतो. मग ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू पावित्र्याची, दुसरी पोहोचण्याची. गाणं एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात कसं जातं, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. म्हणून हा वाद मला उथळ वाटतो.

पावित्र्यवाल्यांसाठी फार शब्द खर्चायला नकोत. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले ते अभंग सोबत घेऊनच, आणि 'व्हाइट ख्रिसमस' लिहिणारा अर्व्हिंग बर्लिन ज्यू होता. गाणाऱ्याच्या घराण्यावरून गाणं बाटत नाही.

खरा प्रश्न पोहोचवाल्यांचा आहे, कारण त्यांचं म्हणणं वरवर बिनतोड वाटतं. अभंग तरुणांपर्यंत पोहोचला पाहिजे, त्यासाठी वेष बदलला तर बिघडलं काय? वेषाने काहीच बिघडत नाही. पण पोहोचला म्हणजे नेमकं काय झालं? मोबाइलवर कितीजणांनी ऐकला याचा आकडा समोर येतो. त्यातल्या कितीजणांना त्यानंतर तो म्हणता येऊ लागला, हे त्या आकड्यात नसतं. ऐकणारे पुढे आपोआप मूळ अभंगाकडे वळतील, असंही सांगितलं जातं. का वळतील? जे गाणं सोबत म्हणायला जागाच देत नाही, ते ऐकणाऱ्याला फार तर पुढच्या तशाच गाण्याकडे नेईल.

जागा म्हणजे काय, ते आमच्या यवतला दरवर्षी दिसतं. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघते. चाल लांबची, सोलापूर रस्त्याने, उन्हापावसातली. मुक्काम काळभैरवनाथाच्या देवळात, आणि गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. पंगतीचं कौतुक सगळे करतात, मी दिंडीकडे बघत असतो. मध्ये विणेकरी, मृदंग, दोन्हीकडे टाळकऱ्यांच्या रांगा. एकजण चरण उचलतो आणि तो संपायच्या आत थांबतो. तिथे त्याचा दम संपलेला नसतो. तिथून पुढे चरण रांगेचा असतो. कालच दिंडीत आलेला पोरगाही तिसऱ्या फेरीला तो बिनचूक घेतो. त्या थांबण्यात अभंगाची सगळी शाळा आहे.

नव्या ध्वनिमुद्रणात नेमकी हीच जागा वाद्यांनी भरलेली असते. गायक थांबतो आणि सॅक्सोफोन सुरू होतो. माझं भांडण तेवढ्याच जागेपुरतं आहे.

इथे मला कुणी १९६८च्या 'अभंग तुकयाचे' या लता मंगेशकरांच्या ध्वनिमुद्रिकेची आठवण करून देईल. चित्रपटातला गळा, संगीतकार श्रीनिवास खळ्यांच्या चाली, तुकोबांचे शब्द. लताबाईंचं ते गाणं थोर आहे, त्याबद्दल वाद घालायची माझी तयारी नाही. कीर्तनाच्या आरंभी सगळी सभा मिळून म्हणते तो रूपाचा अभंगही त्यात आहे. पण खळ्यांची चाल अशी वळते की आपण गप्प होतो, गप्पच व्हावंसं वाटतं. तो ऐकायचा अभंग आहे आणि तसाच तो समोर ठेवला आहे. दिंडीत चालतो तो म्हणायचा अभंग. दोन्ही असावेत. ऐकायचा अभंग देऊन परंपरा पुढे नेल्याचा दावा करू नये, एवढंच मी म्हणतो.

दोष जॅझचाही नाही. अमेरिकेत ब्रेट एल्ड्रेज या कंट्री गायकाने २०१६ साली 'ग्लो' नावाचा नाताळचा अल्बम केला, जुन्या स्विंग बँडच्या थाटात. ऐकायला मऊ, गोड. पण जॅझ एवढाच नाही. हाक द्यायची आणि घोळक्याने ओ द्यायची, ही कृष्णवर्णीय अमेरिकनांची रीत त्याच्या मुळाशी आहे. न्यू ऑर्लीन्समध्ये अंत्ययात्रेपुढे बँड वाजत चालतो आणि मागे लोकांची रांग नाचत येते. ती रांग दिंडीला फार परकी नाही. जॅझ घ्यायचा तर तो घ्यावा. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा हॉटेलातल्या मंद दिव्यांचा येतो.

यवतहून सोलापूर रस्त्याने पुढे केडगाव आहे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक हाती घेऊन सगळी मंडळी उभी राहून गाते. टिळकांची गीतं इतकी वर्षं टिकली ती या सामुदायिक गळ्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. गोड आवाजाच्या एकट्या गायकाने ती राखलेली नाहीत.

आणि केडगावला लागूनच चौफुला, कला केंद्रांचा. लावणी गाणाऱ्या बाईने अभंगांचा अल्बम करावा का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जरूर करावा. तमाशाच्या फडात झील धरणारे असतात. मुख्य गळा ओळ सोडतो तिथे ते ती उचलतात. म्हणजे दुसऱ्याला जागा देणं तिला शिकवावं लागणार नाही. ढोलकी ठेवावी, हवा तर सॅक्सोफोनही घ्यावा. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र झीलकऱ्यांना आत घ्यावं, आणि जमलं तर यवतचे दहा-वीस टाळकरीही.