थोडें ॲडजस्ट करा

आमच्या वाचकांपैकीं ज्यांस कामानिमित्त मुंबईकडे जावें लागतें त्यांस वाशीचें स्टेशन ठाऊक असेल. 1992 सालीं मानखुर्दाहून खाडी ओलांडून लोकल गाडी वाशीस आली. आज त्या गाडीच्या डब्यांत एक इंग्रजी शब्द इतक्या वेळां कानीं पडतो कीं तो परका आहे हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. तिघांच्या बाकावर तिघे बसलेले असतात, चवथा येतो, हातानें खूण करतो व म्हणतो, "थोडं ॲडजस्ट करा." तिघे सरकतात, चवथा कडेला टेकतो. कोणी कोणाचें नांवगांव विचारीत नाहीं. हें दृश्य आम्हांस नेहमींच आवडत आलें आहे, आणि त्या शब्दाविषयीं आमची तक्रार या बाकापासून सुरू होत नाहीं.

पण याच शब्दास दिवसभरांत आणखी किती कामें करावीं लागतात पाहा. शिंपी यंत्राचा टाका ॲडजस्ट करतो. दुकानदार मागील बाकी ॲडजस्ट करतो. लग्नघरीं आयत्या वेळीं आलेलीं दहा माणसें ॲडजस्ट होतात. अडलेला कागद हलावा म्हणून कोणाचें तरी कांहींतरी ॲडजस्ट करावें लागतें. आणि सासरीं निघालेल्या मुलीस तर हा एकच शब्द शिदोरी म्हणून बांधून देतात. आपल्या आजीपाशीं या प्रत्येक कामास निराळा शब्द होता. टाका बसवीत, बाकी वळती करीत, पाहुण्यांस पंगतींत सामावून घेत, लांच देत, आणि सासुरवास सोशीत. कोण सरकला, किती सरकला व कोणासाठीं, हें त्या शब्दांवरून ऐकणाऱ्यास कळे. लांच म्हटल्यावर देणाऱ्यासहि थोडी लाज वाटे.

आम्ही सेमिनरींत शिकत होतों तेव्हां कोशांत शब्दांचीं मुळें पाहण्याचा आम्हांस नाद होता. हा शब्द इंग्रजींत फ्रेंचांतून आला. त्याच्या मुळाशीं लॅटिनांतील 'युक्स्ता' म्हणजे 'जवळ' हा शब्द आहे. ॲडजस्ट करणें म्हणजे जवळ आणणें. पुढें लोकांस वाटूं लागलें कीं तो 'युस्तुस' म्हणजे 'न्यायी' यापासूनच निघाला असावा. ही समजूत चुकीची, तरी मोठी गोड आहे. असो. इंग्रजींत बहुधा या शब्दाबरोबर कर्म येतें, किंवा कशाशीं जुळवून घ्यावयाचें तें तरी येतें. आपण कर्म गाळलें. "ॲडजस्ट करा" एवढेंच म्हणतों. काय, तें सांगत नाहीं.

एकदां त्याच गाडींत जुन्नरकडील एक वृद्ध शेतकरी आमच्या शेजारीं बसला होता. कांदा विकून तो परतत होता. बाजार कोणता, हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. खिशांतून पट्टी काढून त्यानें आम्हांस वाचावयास दिली. गोणीमागें दोन किलो कमी धरले होते. त्यानें विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, "मामा, थोडं ॲडजस्ट करा." फळें व भाजीपाला यांची आडत शेतकऱ्याच्या पट्टींतून कापावयाची नाहीं, ती खरेदीदारानें द्यावयाची, असा नियम 2016 सालीं झाला, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. तो म्हणाला, "आडतीला नांव होतं, म्हणून तिच्यावर कायदा करता आला. ह्याला नांवच नाही. अर्ज कशाविरुद्ध लिहूं?" आम्हीं पट्टी घडी घालून परत दिली.

गाडी खाडीवरून जात होती. जेथें आज वाशीच्या इमारती आहेत त्या बाजूस पूर्वीं आगरी व कोळी लोकांचीं गांवें, भातशेतें आणि मिठागरें होतीं. 1970 सालीं सिडको स्थापन झाली, व नव्या शहरासाठीं ठाणें आणि रायगड या जिल्ह्यांतील 95 गांवांची जमीन घेण्यांत आली. त्यांसहि एका अर्थीं सरकूनच बसावयास सांगितलें होतें. पण त्यांनीं विचारलें: किती सरकूं, आणि मोबदला काय? दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं लढा दिला. 16 व 17 जानेवारी 1984 या दोन दिवशीं दास्तान व नवघर येथें गोळीबारांत पांच शेतकरी पडले. पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ती पुरेशी होती कीं नाहीं यावर आजहि वाद आहेत. तरी त्या प्रश्नाच्या उत्तरांत एक आंकडा आहे, कीं ज्याच्याशीं भांडतां येतें.

अब्रामानें लोटास आधीं निवड करूं दिली, तेव्हां सरकण्याची गोष्ट वडीलधाऱ्यानें स्वतःविषयीं काढली होती. आम्ही ती बहुधा दुसऱ्याविषयीं काढतों. हें लिहितांना आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

आमच्या मंडळींतील एक मुलगी एका संध्याकाळीं आईस घेऊन आमच्या ओटीवर आली. लग्न होऊन दोन वर्षें झालीं होतीं. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजला होता. आम्हीं सारी हकीकत ऐकून घेतली, नवऱ्याचे आईबाप भले आहेत हें आठवलें, मंडळींत बोभाटा नको असेंहि मनांत आलें, आणि म्हणालों, "बाळ, संसार आहे, थोडं ॲडजस्ट करावं लागतं."

ती खालीं पाहत होती. तशीच म्हणाली, "पाळकसाहेब, काय ॲडजस्ट करूं? हात?"

तिची आई रडूं लागली. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या रात्रीं मायलेकी आमच्याच घरीं राहिल्या. सकाळीं आम्ही त्यांच्याबरोबर तालुक्याच्या गांवीं गेलों. अर्ज आम्हींच लिहिला. त्यांत मारहाण हा शब्द चार वेळां आला.