मैदान कुणाचे?

दादरच्या शिवाजी पार्काभोवतीच्या कट्ट्यावर संध्याकाळी टेकलेल्या माणसाला ही जागा कुणाच्या मालकीची, असा प्रश्न सहसा पडत नाही. मुंबई महापालिकेने सुमारे २८ एकरांचे हे मैदान १९२५ साली लोकांना खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवरायांचे नाव मिळाले. मुलांचे क्रिकेट, समर्थ व्यायाम मंदिरातला मल्लखांब, वृद्धांसाठी राखलेला कोपरा, हे सारे वाचकांच्या परिचयाचे आहे.

आम्हांला छळतो तो प्रश्न निराळा. सभांच्या गोंगाटाला कंटाळून रहिवाशांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. त्यांची तक्रार आम्हांला खोटी म्हणवत नाही. घरात आजारी माणूस असता खिडकीखालचा कर्णा कुणाला सोसेल? परंतु दर वर्षी ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी चैत्यभूमीवर येणारे असंख्य लोक याच मैदानात मुक्काम करतात. विदर्भातून आलेली एखादी म्हातारी बोचके उशाला घेऊन येथे निजते. तिचा या भूमीवरील हक्क समोरच्या सदनिकाधारकाहून उणा आहे काय? ‘कर आम्ही भरतो’ हे उत्तर (ते ऐकू येतेच!) आम्हांला तोकडे वाटते. कर्णा बंद करा, असे म्हणण्याचा अधिकार शेजाऱ्याला जरूर आहे; माणसेच नकोत, असे म्हणण्याचा कुणी दिला? आणि त्या रात्री तिला पाणी मिळाले की नाही, हे विचारायला आम्ही कट्टा ओलांडून कधी गेलो?